दगड, सूर्य आणि आपण : पृथ्वीवरच्या जीवनाला धोका नेमका कशाचा?

मॅडम, '२०३२ मध्ये मुंबईवर लघुग्रह पडणार' या व्हिडिओवरून तुमच्या बारावीच्या वर्गात वाद झाला, आणि वादाच्या भरात मुलांनी फळ्यावर यादीच केली : लघुग्रह, सौरवादळ, जवळचा तारा फुटणं, चुंबकीय ध्रुव उलटणं, अणुयुद्ध, तापमानवाढ. 'यातलं पृथ्वीवरचं जीवन कशानं संपेल? आकाशातलं आधी येईल की माणसानं केलेलं?' हा त्यांचा प्रश्न तुम्ही माझ्याकडे धाडलात. माझी सारी नोकरी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी घेण्यात आणि वाचण्यात गेली. त्यामुळे उत्तर सूर्याकडे जरा जास्तच झुकेल, हे आधीच कबूल करतो.

पहिली दुरुस्ती प्रश्नातच करावी लागेल. 'जीवन संपेल' हे शब्द मुलांना सहज सुचतात, पण जीवन ही फार चिवट गोष्ट आहे. ३५० कोटी वर्षं तरी ते इथे आहे. सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन काळाच्या शेवटी, समुद्रातल्या ऐंशी ते नव्वद टक्के प्रजाती नाहीशा झाल्या, तरी जीवन उरलं. लोणारचंच पाहा. १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा, त्यात खारट आणि अल्कधर्मी पाणी, मासा जगणार नाही असं. जून २०२० मध्ये ते पाणी अचानक गुलाबी झालं तेव्हा लोकांनी नाना तर्क केले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने तपासले तर निघाले मिठाच्या पाण्यात सुखानं नांदणारे सूक्ष्मजीव. म्हणजे उल्केनं जिथे सगळं जाळलं, तिथेच आज कुणीतरी मजेत आहे. सूर्य हळूहळू प्रखर होतोय, आणि साधारण शंभर कोटी वर्षांनी समुद्र टिकणार नाहीत. तो खरा शेवट, पण त्याची काळजी बारावीच्या मुलांनी करू नये. त्यांनी विचारायला हवं ते हे : माणूस आणि माणसाची अन्न-पाणी-विजेची घडी कशानं विस्कटेल?

आता दगडांकडे येऊ. मुलांनी पाहिलेला व्हिडिओ '२०२४ वायआर४' या लघुग्रहावरचा असणार. २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतल्या दुर्बिणीनं तो टिपला. अंदाजे ६० मीटरचा. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता आधी एक टक्का, मग दोन, आणि १८ फेब्रुवारी २०२५ ला ३.१ टक्के झाली. शक्य आघाताच्या पट्ट्यात अरबी समुद्र आणि दक्षिण आशिया होते, म्हणून मुंबईचं नाव आलं. आठवडाभरातच ती शक्यता जवळजवळ शून्यावर आली. वाहिन्यांनी 'वाढली, वाढली' ओरडून सांगितलं. 'उतरली' हे मात्र कोपऱ्यात.

ही चढ-उतार बघून मुलं म्हणतात, 'शास्त्रज्ञांनाच कळत नाही.' हे समजावणं सोपं आहे. समजा, चोर तालुक्यात शिरल्याची खबर आहे. तालुक्यात दहा हजार घरं, तेव्हा तुमच्या घरात तो असण्याची शक्यता दहा हजारात एक. मग कळलं, चोर तुमच्याच गावात आहे. शक्यता वाढली. मग कळलं, तुमच्याच आळीत आहे. आणखी वाढली. मग तो शेजारच्या वाड्यात सापडला, आणि तुमची शक्यता एकदम शून्य. चोर कुठे हलला नव्हता, खबर तेवढी बारीक होत गेली. लघुग्रहाचंही तसंच. सुरुवातीला त्याच्या संभाव्य जागांचा पट्टा लाखो किलोमीटर लांब असतो. नवी निरीक्षणं येतात तसा पट्टा आखडतो, पृथ्वी त्याच्या आत असेपर्यंत टक्का चढत राहतो, आणि पट्ट्याचं टोक पृथ्वीला ओलांडून गेलं की टक्का कोसळतो. अपोफिस या लघुग्रहाचं हेच झालं. २००४ मध्ये सापडला तेव्हा २०२९ च्या आघाताची शक्यता २.७ टक्क्यांवर गेली होती. आज आपल्याला पक्कं ठाऊक आहे की तो १३ एप्रिल २०२९ रोजी, म्हणजे आपल्याकडे १४ तारखेच्या पहाटे सव्वातीनच्या सुमारास, जमिनीपासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून निघून जाईल. टीव्हीचे उपग्रह ज्या उंचीवर असतात त्याच्याही आतून, पण जाईल.

एक किलोमीटरहून मोठे, म्हणजे जगभर परिणाम करणारे, पृथ्वीजवळचे लघुग्रह नव्वद टक्क्यांहून जास्त सापडलेले आहेत आणि त्यातला एकही येत्या शतकभरात आपल्यावर येत नाही. प्रश्न उरतो मधल्यांचा. १४० मीटरच्या वरचे सुमारे २५,००० असावेत, पण त्यातले निम्मेही अजून सापडलेले नाहीत. आणि सूर्याच्या बाजूनं येणारा दिसतच नाही. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर २० मीटरचा दगड असाच आला. सुमारे ३० किलोमीटर उंचीवर फुटला. जखमी झाले दीड हजारांच्या आसपास, बहुतेक काचांनी. का? झगमगाट दिसला म्हणून लोक खिडकीशी धावले, आणि दाबलाट एक-दोन मिनिटांनी पोहोचली. एका शिक्षिकेनं मुलांना बाकांखाली बसवलं, ती मुलं वाचली, ती स्वतः काचांनी कापली गेली. भौतिकशास्त्राच्या तासाला प्रकाशाचा आणि आवाजाचा वेग शिकवताना हे उदाहरण जरूर द्या. पावसाळ्यात वीज चमकल्यावर आपण सेकंद मोजतो, तोच हिशोब.

आणि इथे माणसाच्या हातात काहीतरी आहे. २६ सप्टेंबर २०२२ ला 'डार्ट' हे पाच-सहाशे किलोचं यान सेकंदाला सहा किलोमीटरच्या वेगानं डिमॉर्फस या १६० मीटरच्या दगडावर मुद्दाम आपटलं. डिडिमॉस या मोठ्या भावाभोवतीचा त्याचा फेरा ११ तास ५५ मिनिटांवरून सुमारे ११ तास २३ मिनिटांवर आला. वेगातला बदल सेकंदाला जेमतेम २.७ मिलिमीटर, मुंगीच्या चालीपेक्षाही कमी. पण मुलांना गणित करायला लावा : इतकाच बदल पृथ्वीकडे निघालेल्या दगडाला दहा वर्षं आधी दिला तर सरळ हिशोबानंच तो साडेआठशे किलोमीटर सरकतो, आणि सूर्याभोवतीच्या कक्षेच्या गणितात हा फरक आणखी काही पटींनी वाढतो. दहा वर्षं आधी ढकला, पुरे. दहा दिवस आधी कळलं तर अणुबॉम्बही फारसा उपयोगी नाही. म्हणून मी नेहमी म्हणतो, लघुग्रहाचा धोका दगडाच्या आकारात कमी आणि दुर्बिणीच्या बजेटमध्ये जास्त आहे.

आता डायनोसॉर. ६.६ कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या युकातानवर सुमारे १० किलोमीटरचा दगड पडला, १८० किलोमीटरचा खड्डा झाला, तीन-चतुर्थांश प्रजाती गेल्या. मुलांच्या डोळ्यांसमोर येतो तो आगीचा लोळ. पण आगीनं मेले ते जवळचे. बाकीच्यांना मारलं अंधारानं. तिथल्या खडकात जिप्समसारखे गंधकाचे क्षार भरपूर होते. ते वाफ होऊन वर गेले, जोडीला काजळी आणि धूळ. सूर्यप्रकाश अडला, प्रकाशसंश्लेषण थांबलं, झाडपाला नाही म्हणून झाडपाला खाणारा नाही, तो नाही म्हणून त्याला खाणारा नाही. समुद्रातही तेच.

याच सुमारास आपल्या पायाखाली काय चाललं होतं ते सांगितल्याशिवाय महाराष्ट्रातला वर्ग पुढे जाऊच नये. ज्या काळ्या कातळात आपले घाट कोरले आहेत, ज्या दगडाचे किल्ले आहेत, तो दख्खनचा लाव्हा त्याच काळातला. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला, महाबळेश्वरच्या परिसरात दोन किलोमीटरहून जाड. त्यातून निघालेल्या वायूंनी हवामान आधीच बिघडवलं होतं का? कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, की फांदी आधीच कुजलेली होती? २०१९ मध्ये दोन गटांनी याच खडकांची वयं दोन वेगळ्या पद्धतींनी काढली. एकानं म्हटलं, आघाताच्या जरा आधी मोठा लोंढा आला. दुसऱ्यानं म्हटलं, बहुतेक लाव्हा आघातानंतर वाहिला. मला स्वतःला दगडाचं पारडं जड वाटतं, पण माळशेज घाटात गाडी थांबवून ते थरावर थर बघितले की मत थोडं डळमळतं.

'अंधारानं मारलं' यावर इतका भर देण्याचं कारण आहे. शहरं जळाली तर काजळी उठते. ती पावसाच्या ढगांच्या वर, स्थितांबरात गेली तर पावसानं धुतली जात नाही, वर्षानुवर्षं तिथेच राहते. १९८३ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञांच्या एका गटानं 'अणुहिवाळा' ही कल्पना मांडली ती याच हिशोबावर, आणि तिची प्रेरणा काही अंशी डायनोसॉरांच्या अंधाराच्या संशोधनातून आली होती. २०२२ च्या एका अभ्यासानं भारत आणि पाकिस्तानमध्ये अणुयुद्ध झालं तर जगभर दुष्काळानं २०० कोटींहून जास्त माणसं मरू शकतात, असा अंदाज काढला. काजळी नेमकी किती वर जाईल यावर तज्ज्ञांचं भांडण आहे, ते प्रामाणिकपणे सांगा. पण यंत्रणा तीच. युकातानचा दगड काय आणि जळतं शहर काय, वनस्पतीला दोघांतला फरक कळत नाही. तिला एवढंच कळतं की ऊन आलं नाही.

म्हणून मुलांनी फळ्यावर 'आकाशातले' आणि 'माणसाचे' अशा दोन रकान्यांत यादी मांडली असेल, तर ती पुसायला सांगा. धोका कुठून निघतो हे दुय्यम आहे. तो जगण्याच्या कुठल्या नाजूक जागेतून आत शिरतो ते बघायचं. अशा जागा हवेत दोन-तीनच आहेत, एक नुकतीच पाहिली.

दुसरी जागा ओझोनची. तारा फुटण्याचा धोका इथूनच येतो. जवळ असा ताऱ्याचा स्फोट (सुपरनोव्हा) झाला तर त्याचे किरण आपल्याला थेट भाजत नाहीत. ते वातावरणातल्या नायट्रोजनची संयुगं बनवतात, ती ओझोन खातात, आणि मग आपल्याच सूर्याचे अतिनील किरण खाली उतरतात. त्यासाठी तारा तीसेक प्रकाशवर्षांत हवा. मृगातला काक्षी हा तारा पाचशेहून जास्त प्रकाशवर्षांवर आहे. फुटला तर दिवसा दिसेल, मजा येईल, एवढंच. समुद्रतळाच्या कवचात लोह-६०, म्हणजे फुटणाऱ्या ताऱ्यांत बनणारं किरणोत्सारी लोखंड, सापडलं आहे, म्हणजे गेल्या काही दशलक्ष वर्षांत आपल्या टापूत एखादा तारा फुटून गेला, आणि आपले पूर्वज त्या वेळी दोन पायांवर चालतच होते. ९ ऑक्टोबर २०२२ ला सुमारे २०० कोटी प्रकाशवर्षांवरून आलेल्या गॅमा किरणांच्या झोतानं आपलं आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, हलवलं, हे मात्र मला आजही अंगावर काटा आणतं.

त्याच ओझोनच्या जागेतून माणूस मात्र खरोखर आत घुसला. आणि कसा? सुरक्षिततेच्या नावानं. जुन्या फ्रीजमध्ये अमोनिया आणि सल्फर डायऑक्साइड असायचे, गळती झाली की माणसं मरायची. त्यांच्या जागी न जळणारे, बिनविषारी क्लोरोफ्लुरोकार्बन आले. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड या रसायनशास्त्रज्ञांनी ते ओझोन खातील असं कागदावर दाखवलं, १९८५ मध्ये ब्रिटिशांच्या अंटार्क्टिकातल्या तळावरच्या नोंदींनी भोक दाखवलं, आणि १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियलचा करार झाला. भोक २०६६ च्या आसपास भरून येईल असा अंदाज आहे. तळावरचे ते लोक वर्षानुवर्षं तोच कंटाळवाणा आकडा लिहीत बसले होते, हे लक्षात ठेवा.

आता माझ्या घराकडे येतो.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्याच्या डागांचं चित्र काढत असताना त्यांना डागांवर पांढरा शुभ्र झगमगाट दिसला, पाचेक मिनिटं. साधारण साडेसतरा तासांनी सूर्यानं भिरकावलेला आयनद्रायूचा (विद्युतभारित वायूचा) ढग पृथ्वीवर आदळला. मुंबईत तेव्हा २ तारखेचा भर दिवस होता. कुलाब्याच्या वेधशाळेत निरीक्षक डोळ्यानं मोजपट्टी वाचून क्षितिजसमांतर चुंबकीय क्षेत्राची नोंद करत होते. एरवी तासातासानं, पण सुई बिथरल्यावर काही काही मिनिटांनी. ते क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लानं (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) खाली घसरलं. जगातल्या इतर बऱ्याच वेधशाळांत नोंद कागदाबाहेर गेली, कुलाब्याची टिकली. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या आणि परदेशातल्या शास्त्रज्ञांनी मिळून ती वही पुन्हा वाचली, आणि त्या वादळाचा आकार जगाला कळला तो मुख्यतः तिच्यामुळे. तुलनेसाठी सांगतो : मे २०२४ मध्ये लडाखच्या हानलेतून लाल आकाश दिसलं ते वादळ पृथ्वीभराच्या मोजमापात चारशेच्या थोडं वर होतं. १८५९ च्या आकड्यावर अजून वाद आहे, काही जण तो बराच कमी धरतात. कमी धरला तरी दुपटीच्या खाली येत नाही.

एक अवांतर. मुंबईत विजेच्या ट्राम येणार ठरलं, तेव्हा त्यांच्या प्रवाहानं सुया बिघडतील म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला नेली. तिची इमारत पोरबंदरच्या वालुकाश्मात बांधली, कारण आपला काळा दगड स्वतःच चुंबकीय. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, जुन्या-नव्या मालिकेत खंड पडू नये म्हणून. त्या वेळचे संचालक नानाभाई मूस. असा सरकारी निर्णय आज होईल का, हा प्रश्न मी गिळतो.

१८५९ मध्ये मेलं कोण? माझ्या माहितीत कुणी नाही. तारयंत्रावरच्या माणसांना झटके बसले, काही ठिकाणी कागद पेटले, अमेरिकेत बॉस्टन ते पोर्टलंड तार बॅटरी काढून नुसत्या वादळानं तारेत आणलेल्या विजेवर चालवली गेली. लोकांनी रात्री ध्रुवीय प्रकाशाच्या उजेडात वर्तमानपत्रं वाचली. सूर्यानं केलेलं नुकसान इतकंच, कारण त्याला नुकसान करायला आपण फार काही उभारलंच नव्हतं.

१३ मार्च १९८९ ला त्याहून बऱ्याच लहान वादळानं कॅनडातल्या क्वेबेकची वीज दीड मिनिटात गेली. साठ लाख लोक नऊ तास अंधारात, मार्चच्या थंडीत. यंत्रणा अशी : चुंबकीय क्षेत्र झपाट्यानं बदललं की जमिनीत विद्युतदाब तयार होतो. तो शेकडो किलोमीटर लांबीच्या वाहिन्यांतून, जमिनीला जोडलेल्या तारेवाटे मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतो. हा प्रवाह आपल्या ५० हर्ट्झच्या मानानं इतका सावकाश बदलतो की ट्रान्सफॉर्मरला तो डीसीच वाटतो. गाभा अर्ध्या आवर्तनात संपृक्त होतो, तापतो, वेड्यावाकड्या लहरी सोडतो, आणि संरक्षक रिले घाबरून एकामागून एक लाइन तोडतात. गल्लीतली डीपी जळली तर दुसऱ्या दिवशी नवी येते. पण चारशे केव्हीचा दोनशे-तीनशे टनी ट्रान्सफॉर्मर मागणीनुसार बनतो, त्याला वर्ष-दीड वर्ष सहज लागतं. असे एका रात्रीत वीस गेले तर? भारत विषुववृत्ताजवळ असल्यानं आपल्याला धोका कमी आहे, पण कुलाब्याची वही सांगते की कमी म्हणजे शून्य नव्हे. आणि जाळं कोसळायला सूर्य लागतोच असं नाही : ३१ जुलै २०१२ ला उत्तर आणि पूर्व भारतात साठ कोटींहून जास्त लोकांची वीज गेली, त्यात सूर्याचा काही हात नव्हता.

त्याच्या आठवडाभर आधी, २३ जुलै २०१२ ला, कॅरिंग्टनच्या तोडीचा ढग सूर्यावरून निघून पृथ्वीच्या कक्षेपलीकडे गेला. पृथ्वी तिथे नव्हती, वाटेत एक यान होतं, त्यानं मोजला. आठवडाभर आधी निघाला असता तर मी हे उत्तर वेगळ्या शब्दांत लिहिलं असतं. याहून मोठंही घडतं. जपानमधल्या जुन्या सीडर झाडांच्या वर्तुळांत इसवी सन ७७४-७७५ च्या सुमारास कार्बन-१४ ची जी उडी सापडली आहे, ती घडवायला सूर्याचा उद्रेक आजवर मोजलेल्या कुठल्याही उद्रेकाच्या कित्येक पट लागला असणार.

आता मुलांच्या दोन्ही रकान्यांची गाठ मारणारे दोन प्रसंग सांगतो, हे वर्गात सांगितलेत तर झोपलेला मुलगाही उठून बसेल. २३ मे १९६७ : अलास्का, ग्रीनलंड आणि ब्रिटनमधले अमेरिकेचे तीनही क्षेपणास्त्र-सूचक रडार एकदम आंधळे झाले. लष्कराला वाटलं, सोव्हिएतांनी जॅम केले, म्हणजे हल्ला येतोय. अण्वस्त्रधारी विमानं तयारीत होती. सूर्यावर नजर ठेवणाऱ्या हवामान विभागातल्या माणसांनी वर कळवलं की हे सूर्याचं काम आहे, आणि विमानं उडाली नाहीत. तो विभाग तेव्हा अगदी नवा होता. दुसरा, ४ ऑगस्ट १९७२ : उत्तर व्हिएतनामच्या होन ला भागात किनाऱ्याजवळ अमेरिकेनं पेरलेले चुंबकीय सुरुंग, जहाज जवळ नसताना, अर्ध्या मिनिटात वीसच्या वर आपोआप फुटले. सौरवादळानं क्षेत्र हललं, सुरुंगांना वाटलं जहाज आलं. अपोलो १६ एप्रिलमध्ये परतलं होतं, अपोलो १७ डिसेंबरमध्ये जाणार होतं. मध्ये कुणी चंद्रावर असतं तर किरणोत्सर्गानं गंभीर आजारी पडलं असतं.

तिसरा प्रसंग सूर्याच्याच उन्हाचा. २६ सप्टेंबर १९८३ च्या मध्यरात्री मॉस्कोजवळच्या बंकरमध्ये स्तानिस्लाव्ह पेत्रोव्ह यांच्या पडद्यावर अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रं निघाल्याचं दिसलं. उंच ढगांवरून परावर्तित झालेलं ऊन उपग्रहाला ज्वाळा वाटलं होतं. पाचच क्षेपणास्त्रांनी कोण युद्ध सुरू करतो, असा विचार करून पेत्रोव्ह यांनी ती खोटी सूचना ठरवली. डार्ट दगडावर आपटलं तीही २६ सप्टेंबरच. योगायोग आहे, पण मला तो आवडतो.

आज जगात सुमारे १२,००० अण्वस्त्रं आहेत. लघुग्रहाची शक्यता मी तुम्हाला आकड्यात सांगू शकतो, कारण चंद्रावर खड्डे मोजता येतात. सौरवादळाची शक्यता झाडांच्या वर्तुळांवरून आणि जुन्या वह्यांवरून काढता येते. एखादा पेत्रोव्ह चुकेल याची शक्यता काढायला मोजण्याजोगं काहीच नाही. तुमच्या वर्गासाठी माझं मत मागितलंत तर मी अणुयुद्ध पहिल्या क्रमांकावर ठेवीन, आणि त्याच्या अगदी जवळ तापमानवाढ.

तापमानवाढीवर मुलांना भरपूर शिकवलं जातं, म्हणून एकच गोष्ट. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून आज वर्षाला जितका कार्बन डायऑक्साइड सोडतात तो माणसाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. म्हणजे दख्खनचा लाव्हा आज आपणच आहोत, फक्त धूर दिसत नाही. ५.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापली होती, त्या वेळी कार्बन हजारो वर्षांत सुटला. आपण तो शे-दोनशे वर्षांत सोडतोय. जीवन तेव्हाही टिकलं. तेव्हा किनाऱ्यावर मुंबई नव्हती.

ध्रुव उलटण्याचं राहिलं. शेवटचं उलटणं पावणेआठ लाख वर्षांपूर्वी झालं. त्याआधी शेकडो वेळा झालं आणि प्रजातींच्या मोठ्या विनाशाशी त्याची सांगड बसत नाही. सह्याद्रीचा बराचसा कातळ उलट्या क्षेत्राच्या काळात थिजला, त्याच्या कणांत आजही होकायंत्राच्या उलट दिशा कोरलेली आहे. म्हणजे तुमच्या कॉलेजच्या जोत्याच्या दगडात एक उलटी सुई असण्याची शक्यता चांगलीच आहे. यादीतून काढून टाका.

सूर्यावर नजर ठेवणारं भारताचं यान 'आदित्य-एल१' ६ जानेवारी २०२४ पासून सूर्याच्या दिशेला १५ लाख किलोमीटरवर बसलं आहे. नेहमीचा सौरवारा तिथून इथे यायला तासभर घेतो, पण कॅरिंग्टनसारखा ढग बारा-पंधरा मिनिटांत येईल. तेवढ्यात ग्रिड सांभाळणाऱ्या माणसाला फोन लागला पाहिजे आणि त्यानं तो उचलला पाहिजे. दुर्बिणी आणि उपग्रहांपेक्षा मला या फोनची जास्त काळजी वाटते.

तुम्ही शेवटी विचारलंत, वर्गात करण्यासारखं काही आहे का. आहे. मुरंब्याची काचेची बरणी घ्या. झाकणातून बिनपिळाचा रेशमी धागा सोडून त्याला एक छोटा लांबट चुंबक आडवा टांगा, चुंबकाला आरशाचा तुकडा चिकटवा. बरणी फरशीला घट्ट बसवा, लेझरचा ठिपका आरशावरून चार-पाच मीटर लांबच्या भिंतीवर पाडा आणि आलेख-कागद लावा. क्षेत्र एक अंश वळलं तर ठिपका दोन अंश वळतो. आपल्या अक्षांशावर वादळात क्षेत्राची ताकद घटते, दिशा फारशी बदलत नाही, म्हणून मोठ्या चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. रोजचा चढ-उतार काही मिलिमीटर दिसला तरी मुलं जिंकली. दर अर्ध्या तासानं वहीत लिहा, सुट्टीच्या दिवशीही. लोखंडी कपाट त्या खोलीतून हलवा. आणि खिडकीखाली स्कूटर लावू देऊ नका, नाहीतर तुम्हालाही अलिबाग गाठावं लागेल.